कॅज्युअल्टीतला फास्ट स्कॅन : आत लपलेलं रक्त शोधायला शिकताना

ऊसतोडीचा हंगाम, रात्रीचे दोन. उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळलेला बाविशीतला मुलगा स्ट्रेचरवर येतो. वरवर पाहिलं तर फार काही नाही. गुडघे सोललेत, हनुवटीला चार टाके पडतील. बीपी 110/70. सोबत आलेला मित्र घरी फोन लावून सांगतोय, थोडक्यात निभावलं म्हणून. पण नाडी 124 आहे, तळहात गार आणि ओलसर आहेत, आणि तो मुलगा सारखा एकच म्हणतोय, "डॉक्टर, पाणी द्या ना जरा."

तहान, चुळबुळ आणि गार हात एकत्र दिसले की माझं लक्ष बीपीच्या आकड्यावरून उडतं. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून, हृदय पळवून बीपी धरून ठेवतं. साधारण 30 टक्के रक्त जाईपर्यंत तो आकडा फारसा हलत नाही. सत्तर किलोच्या माणसात पाच लिटर रक्त धरलं, तर दीड लिटर आत सांडलं तरी चार्टवर बीपी ठीकच दिसू शकतं. आणि पोट असं आहे की दीड लिटर रक्त त्यात मावतं, तरी बाहेरून फुगलेलं दिसेलच असं नाही.

कॅज्युअल्टीत नव्यानं ड्युटी सुरू केलेले इंटर्न, मेडिकल ऑफिसर, सर्जरी किंवा इमर्जन्सी मेडिसिनचे पहिल्या वर्षाचे रेसिडेंट यांच्यासाठी फास्ट स्कॅनबद्दल, म्हणजे आत लपलेलं रक्त स्ट्रेचरजवळच शोधणाऱ्या झटपट सोनोग्राफीबद्दल, हे लिहितोय. प्रत्यक्ष हात बसवायला शेजारी अनुभवी माणूस लागतोच. पण तो शेजारी उभा असताना नेमकं काय बघायचं, कुठे थांबायचं आणि कशावर भरवसा ठेवायचा नाही, हे आधी डोक्यात असेल तर शिकणं लवकर होतं.

प्रश्न एकच

पूर्वी पोटात रक्त आहे का हे पाहायला बेंबीखाली छेद घेऊन नळी घालायचे, लिटरभर सलाईन आत सोडायचे आणि परत काढून त्यात रक्त दिसतं का बघायचे. 1965 मध्ये वर्णन झालेली ही पद्धत पुढे कित्येक वर्षं चालली. जर्मनीत आणि युरोपात काही सर्जन 1970 च्या दशकापासून त्यासाठी सोनोग्राफी वापरत होते. 1990 च्या दशकात अमेरिकेत डॉ. ग्रेस रोझिकी यांच्यासारख्या सर्जननी हे काम रेडिओलॉजीच्या खोलीतून उचलून थेट जखमीच्या स्ट्रेचरजवळ आणलं, आणि 'फास्ट' हे नाव रूढ झालं. 2004 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी त्यात छातीचा भाग जोडून दाखवला. त्याला आपण ई-फास्ट म्हणतो. आज शिकायचं ते ई-फास्टच.

हा स्कॅन एकच प्रश्न विचारतो : जिथे द्रव असायला नको तिथे तो आहे का? छातीत त्याला दुसरा जोडलाय : फुप्फुसाबाहेर हवा आहे का? बस. लिव्हर कुठे फाटलंय, प्लीहेची जखम कितव्या ग्रेडची आहे, किडनीला काय झालंय, हे या स्कॅनचं काम नाही. नवीन माणूस हमखास इथे अडकतो. लिव्हरमध्ये काहीतरी वेगळं दिसल्यासारखं वाटतं, तो तिथेच रेंगाळतो, आणि उरलेल्या जागा घाईत उरकतो. रेडिओलॉजिस्टसारखं बघायचं नाही. पूर आला का हे बघायला गेलेल्या माणसासारखं बघायचं : पाणी आहे की नाही.

प्रोब उचलण्याआधी

श्वासमार्ग, श्वास, बाहेर वाहणारं रक्त हे आधी. ऑक्सिजन लावलेला असावा, दोन जाड लाइन्स टाकलेल्या असाव्यात. जाड म्हणजे करडा किंवा नारिंगी कॅन्युला. गुलाबी टाकून 'लाइन आहे' असं म्हणू नका. ब्लड ग्रुपिंग आणि क्रॉसमॅचचं सँपल लाइन टाकतानाच काढून घ्या. हे सगळं दुसरं कुणी करत असेल तर तुम्ही त्याच वेळी स्कॅन सुरू करू शकता, आणि करावाच. फास्टसाठी पेशंटला कुठेही हलवायचं नसतं, हीच त्याची मोठी ताकद.

एक सूचना सिस्टरना आधीच द्या : "पोटाचा स्कॅन होईपर्यंत कॅथेटर नको." भरलेलं मूत्राशय ही ओटीपोटात डोकावायची खिडकी आहे. ते रिकामं झालं की समोर फक्त आतड्यातली हवा उरते. कॅथेटर आधीच पडला असेल तर निर्जंतुक सलाईन आत सोडून तो क्लॅम्प करता येतो. पण अत्यवस्थ पेशंटमध्ये त्यात वेळ घालवू नका, आणि मूत्रनलिकेला इजा असल्याची शंका असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

प्रोब घ्यायचा तो पोटाचा, म्हणजे बाहेरून गोलाकार असलेला कर्व्हिलिनियर. डेप्थ 15 सेंटीमीटरच्या आसपास ठेवून सुरू करा. जेली भरपूर लावा. नवीन माणूस जेली वाचवतो आणि चित्र गमावतो. खोलीतला मोठा दिवा शक्य असेल तर मंद करायला सांगा. प्रोबवरची खूण कोणत्या बाजूला आहे हे एका कडेला बोट टेकवून आणि पडद्याकडे बघून खात्री करून घ्या. पोटाच्या सेटिंगमध्ये पडद्यावरची खूण डावीकडे असते. त्या हिशेबानं उभ्या छेदात प्रोबची खूण पेशंटच्या डोक्याकडे, आडव्या छेदात पेशंटच्या उजवीकडे. एवढं पक्कं झालं की पुढे गोंधळ होत नाही.

ताजं रक्त पडद्यावर काळं दिसतं, हे लक्षात ठेवायला सोपं. अवघड भाग पुढचा : गोठलेलं रक्त काळं दिसत नाही. ते करडं, कधी कधी लिव्हरइतकंच करडं दिसतं आणि नजरेतून सुटतं. अपघात होऊन दोन-तीन तास झाले असतील तर फक्त काळ्याच्या शोधात राहू नका. जिथे एक स्वच्छ रेघ दिसायला हवी तिथे काही भरलंय का, अवयव एकमेकांपासून दूर ढकलले गेलेत का, हे बघा. दुसरी खूण आकाराची. मोकळं रक्त जागा मिळेल तिथे घुसतं, म्हणून त्याला टोकदार कोपरे असतात. पित्ताशय, आतडं, मूत्राशय यांच्यातला द्रव भिंतीत बंद असतो, म्हणून त्याच्या कडा गोल असतात.

उजवी बाजू : मॉरिसन पाऊच

बोथट माराच्या पेशंटमध्ये सुरुवात इथून करतात. सुऱ्याची किंवा टोकदार वस्तूची जखम छातीवर किंवा वरच्या पोटावर असेल तर मात्र आधी हृदय.

पेशंटच्या उजव्या कुशीला, काखेच्या मध्यरेषेवर, साधारण आठव्या ते अकराव्या फासळीच्या पट्ट्यात प्रोब उभा टेकवा. हे मोजत बसायला वेळ नसतो. छातीच्या हाडाचं खालचं टोक आहे त्या पातळीवर सरळ बाजूला या, जागा सापडते. पडद्यावर लिव्हर, त्याच्या मागे किडनी आणि दोघांच्या मध्ये एक चमकदार पांढरी रेघ दिसेल. लिव्हर आणि किडनीमधली ही जागा म्हणजे मॉरिसन पाऊच. ब्रिटिश सर्जन जेम्स रदरफर्ड मॉरिसन यांचं नाव तिला आहे. उताणं झोपलेल्या माणसाच्या वरच्या पोटातली ही सर्वांत खोलगट जागांपैकी एक, म्हणून रक्त इथे उतरतं. ती रेघ काळ्या पट्टीनं दुभंगलेली दिसली की उत्तर मिळालं.

फासळ्यांच्या सावल्या मध्ये येत असतील तर प्रोब किंचित तिरका करून फासळ्यांच्या फटीत बसवा. शुद्धीवर असलेल्या पेशंटला हळू श्वास घेऊन धरायला सांगितलं तर लिव्हर खाली येतं आणि चित्र उघडतं.

आता ज्यासाठी हा परिच्छेद लिहितोय ते. एक छान चित्र दिसलं, पट्टी नाही, 'निगेटिव्ह' असं म्हणून प्रोब उचलायचा नाही. तुमच्या समोर आहे तो एकच काप. प्रोब त्याच जागी ठेवून पुढून मागे असा पंख्यासारखा फिरवा. किडनी दिसेनाशी होईपर्यंत एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. नंतर प्रोब खाली सरकवा आणि लिव्हरचं खालचं टोक शोधा, जिथे ते किडनीच्या खालच्या ध्रुवाशी निमुळतं होतं. उजव्या बाजूचं रक्त पुष्कळदा सगळ्यात आधी इथेच दिसतं, आणि नवीन माणूस पुष्कळदा नेमकं हेच टोक बघत नाही. मग वर सरका, डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यातला पडदा, बघा. त्याच्या वर काय दिसतं ते छातीच्या भागात सांगतो.

इथे दोन गोष्टी फसवतात. किडनीभोवतीची चरबीही गडद दिसू शकते. मात्र तिच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ असते आणि आत बारीक ठिपके किंवा रेषा असतात. श्वासाबरोबर ती किडनीच्या जोडीनं हलते. दुसरं पित्ताशय : गोल भिंत दिसली की ओळखा.

डावी बाजू : इथे मी चुकलो होतो

डावी बाजू अवघड. प्लीहा लहान, वर आणि मागे लपलेली, आणि पुढे जेवणानं भरलेलं जठर. प्रोब उजवीकडच्यापेक्षा एक-दोन फासळ्या वर आणि बराच मागे, काखेच्या मागच्या रेषेवर न्यावा लागतो. तुमच्या मुठीची पेरं स्ट्रेचरच्या गादीला टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर तुम्ही अजून पुढेच आहात.

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट. दुचाकीचं हँडल डाव्या बरगड्यांखाली रुतलेला एक तरुण आला होता. मी मॉरिसन बघितला, कोरडा. डावीकडे प्लीहा आणि किडनीच्या मधली रेघ बघितली, ती स्वच्छ. केसपेपरवर 'फास्ट निगेटिव्ह' लिहिलं आणि हनुवटीचे टाके घालायला बसलो. चाळीस मिनिटांत त्याची नाडी 140 वर गेली, बीपी 80 वर आलं. सिनियर सर्जन आले. त्यांनी प्रोब माझ्यापेक्षा चार बोटं वर ठेवला. प्लीहेच्या डोक्यावर, डायफ्रॅमच्या खाली, चंद्रकोरीसारखी काळी पट्टी होती. पोरगा वाचला, प्लीहा काढावी लागली. ती चंद्रकोर मी पहिल्यांदा प्रोब ठेवला तेव्हाही असणार, असंच मला आजही वाटतं. मी तिथे बघितलंच नव्हतं.

यामागे शरीररचना आहे. उजवीकडे रक्त लिव्हर आणि किडनीमध्ये उतरतं. डावीकडे मोठ्या आतड्याच्या वळणाला डायफ्रॅमशी बांधणारा एक पडदा आडवा येतो, म्हणून रक्त आधी प्लीहा आणि डायफ्रॅम यांच्या मध्ये जमतं. प्लीहा-किडनीमधली जागा त्यानंतर भरते. म्हणून डावीकडे आधी डायफ्रॅम पूर्ण, स्पष्ट, कमानीसारखा पडद्यावर आणायचा. तो दिसला नाही तर डावी बाजू बघितली असं लिहायचं नाही. नंतर प्लीहेचं खालचं टोक, मग किडनीची जागा. जठरातलं पाणी इथे रक्तासारखं दिसून दगा देतं. पण ते प्लीहेच्या पुढे असतं, त्याला गोल भिंत असते आणि आत अन्नाचे कण हलताना दिसतात.

ओटीपोट

जघनास्थीच्या लगेच वर प्रोब ठेवा आणि पायांच्या दिशेनं खाली झुकवा. पुष्कळ जण प्रोब बेंबीकडे फार वर ठेवतात आणि आतडी बघत राहतात. मूत्राशय काळं, गोलसर दिसेल. आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांत बघा. पुरुषांत मूत्राशयाच्या मागे, स्त्रियांत गर्भाशयाच्या मागे द्रव जमतो.

मशीनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, इथे कमी करायला विसरू नका. मूत्राशयातून आवाजाच्या लहरी विनाअडथळा पार होतात, म्हणून त्याच्या मागचा भाग अवास्तव उजळ दिसतो आणि त्या उजेडात बारीक काळी पट्टी बुडून जाते. गेन उतरवला की ती वर येते.

मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीमध्ये गर्भाशयामागे थोडासा द्रव निसर्गतःही असू शकतो. तो तेवढाच आणि तिथेच असेल, पेशंट स्थिर असेल, तर लक्ष ठेवून पुन्हा बघा. पण नाडी पळत असेल तर त्याला 'नॉर्मल' म्हणण्याचं धाडस करू नका. आणि मूत्राशय फुटलं असेल तर दिसणारा द्रव लघवीही असू शकतो. पडद्यावर दोन्ही काळंच.

हृदय

छातीच्या हाडाच्या टोकाखाली प्रोब जवळजवळ आडवा, पोटावर टेकवून ठेवा आणि डाव्या खांद्याच्या दिशेनं रोखा. हात प्रोबच्या वरून धरायचा. पेन धरल्यासारखा खालून धरलात तर प्रोब हवा तेवढा झोपत नाही. डेप्थ वाढवा. किंचित उजवीकडे सरकून लिव्हरमधून बघितलं तर चित्र उजळतं, कारण मध्यावर जठरातली हवा आडवी येते. शुद्धीवर असलेल्या पेशंटला गुडघे दुमडायला आणि मोठा श्वास घेऊन धरायला सांगा. मणक्याची किंवा पायाची दुखापत असेल तर गुडघ्यांचा नाद सोडा.

लिव्हर आणि उजव्या वेंट्रिकलच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) मध्ये काळी पट्टी असेल तर हृदयावरणात रक्त आहे. अपघातात ही पट्टी जाड असण्याची गरज नसते. एकदम साचलेलं थोडंसं रक्तही हृदय दाबायला पुरतं. बीपी पडलंय, मानेच्या शिरा फुगल्यात, उजवं वेंट्रिकल भरायच्या वेळी आत दबतंय, असं दिसलं तर क्षणही न दवडता सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला हाक मारा.

पुढच्या बाजूची चरबीही काळपट दिसते. ती हृदयाबरोबर हलते, तिच्यात बारीक करडे ठिपके असतात आणि ती फक्त पुढेच असते. शंका राहिली किंवा इथून चित्रच मिळालं नाही, तर छातीच्या हाडाला लागून डावीकडे, तिसऱ्या-चौथ्या फासळीच्या फटीतून बघा. त्या छेदात मागे महारोहिणी गोल दिसते. हृदयावरणातला द्रव तिच्या पुढून जातो, फुप्फुसाबाहेरचा द्रव तिच्या मागे राहतो.

छातीत सुरा लागलेल्या पेशंटबद्दल एक धोक्याची गोष्ट : हृदयाची जखम हृदयावरणाच्या छिद्रातून डाव्या छातीत मोकळी होत राहू शकते. अशा वेळी हृदयाभोवती काहीच दिसत नाही आणि डावी छाती रक्तानं भरलेली असते. तेव्हा हृदय कोरडं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

छाती : मुंग्यांची रांग

मघाशी कुशीतून डायफ्रॅमपर्यंत आलो होतो, तिथेच वर बघा. निरोगी माणसात डायफ्रॅमच्या वर लिव्हर किंवा प्लीहेचंच आरशातल्यासारखं प्रतिबिंब दिसतं आणि मणक्याची रेघ डायफ्रॅमपाशी संपते, कारण पुढे हवा आहे. तिथे रक्त साचलं की प्रतिबिंब जातं, काळं दिसतं, आणि मणका डायफ्रॅमच्या पुढे वरपर्यंत दिसत राहतो. मणका वर चढलेला दिसला की छातीत द्रव आहे.

हवेसाठी प्रोब छातीच्या पुढच्या बाजूला, हंसळीच्या (कॉलरबोनच्या) मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर, दुसऱ्या ते चौथ्या फासळीच्या दरम्यान उभा ठेवा. उताण्या माणसात हवा सगळ्यात वर, म्हणजे इथेच जमते. सपाट तोंडाचा लिनियर प्रोब असेल तर तो घ्या. नसेल तर तोच प्रोब डेप्थ कमी करून चालतो. दोन फासळ्यांच्या सावल्या आणि त्यांच्या मध्ये थोडी खाली एक पांढरी रेघ दिसेल. ती रेघ श्वासाबरोबर मागेपुढे सरकली पाहिजे. नीट बघितलं तर तिच्यावरून मुंग्यांची रांग चालल्यासारखी बारीक लुकलुक दिसते. इथे हात पूर्ण स्थिर धरा. तुमचा हात हलला की सगळंच सरकतं. एम मोडमध्ये सरकतं फुप्फुस वर लाटा आणि खाली वाळू असं दिसतं. न सरकणारं वरपासून खालपर्यंत एकसारख्या आडव्या रेषा दाखवतं.

रेघ सरकताना दिसली तर त्या जागेखाली न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर साचलेली हवा, नाही हे खात्रीनं म्हणता येतं. सरकत नसली तर मात्र लगेच छातीत नळी टाकायला धावू नका. श्वासासाठी घातलेली ट्यूब उजव्या श्वासनलिकेत खोल गेली असेल तर डावं फुप्फुस हलत नाही. आणि आपल्याकडे जुना टीबी होऊन गेलेल्या पेशंटचं फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असतं. ते सरकणार कुठून? नातेवाइकांना विचारा, छातीवर जुने व्रण बघा. फुप्फुस सरकतं आणि सरकत नाही याची नेमकी सीमा पडद्यावर सापडली, तर मात्र न्यूमोथोरॅक्स नक्की.

श्वास लागलाय, एका बाजूला हवा जात नाही, बीपी कोसळतंय, असा टेन्शन न्यूमोथोरॅक्स समोर स्पष्ट असेल तर सोनोग्राफीचं मशीन आणायला कुणाला पाठवू नका. आधी हवा सोडा.

दिसलं, आता पुढे काय

सगळा स्कॅन तीन ते पाच मिनिटांत व्हायला हवा. मग निर्णय.

पेशंट अस्थिर आणि पोटात रक्त दिसतंय : ओटी, म्हणजे थेट ऑपरेशन थिएटर. सीटी नाही. 'एकदा सीटी करून खात्री करू' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. सीटीच्या खोलीत बीपी शून्य झालं तर तिथे तुम्ही काहीच करू शकत नाही.

पेशंट स्थिर आणि रक्त दिसतंय : सीटी. लिव्हर आणि प्लीहेच्या पुष्कळ जखमा आज ऑपरेशनशिवाय, कडक देखरेखीखाली बऱ्या होतात. ते ठरवायला सीटी लागतो.

पेशंट अस्थिर आणि पोट कोरडं : हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा प्रसंग. रक्त कुठेतरी गेलंय. छाती बघितली का? पेल्व्हिस (ओटीपोटाचं हाड) मोडलंय का? पेल्व्हिसचं रक्त पोटाच्या मागच्या कप्प्यात साचतं, तिथे फास्ट पोहोचत नाही. पेल्व्हिस आवळायचा पट्टा (बाइंडर) नसेल तर तिथे चादर घट्ट बांधा. मांडीचं हाड मोडलं तर एकट्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त मावतं. डोक्याच्या जखमेतून रस्त्यावर किती गेलं, हे 108 च्या डॉक्टरांना विचारा. आणि दहा-पंधरा मिनिटांनी पोट पुन्हा बघा.

पेशंट स्थिर आणि पोट कोरडं : इथे सैल पडू नका. पोटात दोनशे-अडीचशे मिलिलिटरपेक्षा कमी रक्त असेल तर कसलेल्या हातालाही ते सहसा दिसत नाही. नवीन हाताला त्याच्या दुप्पट असेल तरी सुटू शकतं. फाटलेलं आतडं, किडनीची जखम, लिव्हरच्या आत बंद राहिलेली जखम, या फास्टमध्ये दिसत नाहीत. लहान मुलांमध्ये कोरड्या फास्टवर तर आणखीच कमी विसंबावं. सीटबेल्टचा वळ, पोटाचा ताठरपणा, खालच्या मोडलेल्या फासळ्या, लघवीत रक्त, यातलं काहीही असेल तर सीटीचा विचार करा. फास्ट पॉझिटिव्ह आला की त्यावर भरवसा ठेवावा. निगेटिव्ह आला की त्या क्षणापुरतं रक्त दिसलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

लिव्हर सिऱ्हॉसिसमुळे पोटात आधीच पाणी असलेला पेशंट अपघातात सापडला तर काळं दिसणारच. नातेवाइकांना दारू, कावीळ, पोटातून पाणी काढल्याचं विचारा. तरीही तो अस्थिर असेल तर सुईनं थेंबभर काढून रंग बघणं हाच मार्ग.

तालुक्याच्या ठिकाणी सर्जन नसेल तर फास्टचा उपयोग पेशंट नेमका कुठे आणि किती घाईनं पाठवायचा हे ठरवायला होतो. अपघात होऊन तीन तास व्हायचे असतील तर रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत द्या आणि पुढच्या हॉस्पिटलला फोन करा. फोनवर गोष्ट सांगत बसू नका. असं बोला : "सर, पस्तिशीचा पुरुष, दुचाकी अपघात, एक तासापूर्वी. नाडी 132, बीपी 84/50. फास्ट पॉझिटिव्ह, मॉरिसनमध्ये फ्लुइड. हृदय कोरडं, दोन्ही फुप्फुसं सरकताहेत. ट्रॅनेक्झॅमिक दिलंय, ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह. पंचेचाळीस मिनिटांत पोचतोय." एवढ्यावर पलीकडे ओटी तयार होते आणि ब्लड बँकेत बॅगा निघतात.

मशीन आणि कायदा

आपल्याकडे सोनोग्राफीचं मशीन म्हणजे कायद्याची वस्तू आहे, आणि त्याला कारण आहे. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी 1988 मध्ये महाराष्ट्रानं केला. केंद्राचा पीसीपीएनडीटी कायदा 1994 चा. कॅज्युअल्टीतलं मशीन तुमच्या हॉस्पिटलच्या नावे नोंदलेलं आहे का, ते वापरणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आहे का, हे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसात विचारा. पोर्टेबल मशीन नोंदलेल्या आवाराबाहेर नेता येत नाही. जखमी बाई गर्भवती असेल तर एफ फॉर्म भरावा लागतो. तिची तपासणी मात्र यासाठी थांबवायची नाही. फास्टमध्ये किरणोत्सर्ग नसतो, आणि बाळाला वाचवायचं तर आधी आईचं रक्त वाचवावं लागतं. दिवस भरत आलेल्या बाईला डाव्या कुशीकडे थोडं कलतं ठेवा, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवरून उतरतो.

हात बसवायचा तर

25 ते 50 स्कॅन अनुभवी माणसाच्या नजरेखाली केल्यावर हात बसायला लागतो. पण नुसते निगेटिव्ह स्कॅन करून डोळा तयार होत नाही. काळं कसं दिसतं ते बघायला हवं. त्यासाठी मेडिसिन वॉर्डात जा. पोटात पाणी झालेले पेशंट तिथे असतात. त्यांना नीट समजावून, परवानगी घेऊन मॉरिसन पाऊच, प्लीहेवरची चंद्रकोर, ओटीपोट बघा. पोटातून पाणी काढायच्या आधी आणि नंतर बघितलंत तर एकाच पेशंटमध्ये दोन्ही चित्रं मिळतात. छातीत पाणी झालेल्या पेशंटमध्ये मणका वर चढलेला बघा. हृदयासाठी सहकाऱ्यांच्या छातीवर सराव करा.

एक वही ठेवा. प्रत्येक स्कॅनची वेळ आणि प्रत्येक जागेचं वेगळं उत्तर लिहा : द्रव आहे, नाही, किंवा दिसलं नाही. तिसरं उत्तर लिहायला संकोच करू नका. आतड्यातल्या हवेमुळे डावी बाजू दिसली नाही, तर 'डावी बाजू दिसली नाही' असंच केसपेपरवरही लिहा; 'निगेटिव्ह' लिहू नका. मग त्या पेशंटचा सीटी रिपोर्ट किंवा ओटी नोट शोधून समोरच्या रकान्यात भरा.

पेशंट ओटीत किंवा वॉर्डात गेला की प्रोबवरची जेली आणि रक्त लगेच पुसा, वाळलं की निघत नाही. प्रोबच्या तोंडाला स्पिरिट लावू नका, त्याचं रबर खराब होतं. मशीनबरोबर सांगितलेलंच द्रावण वापरा. केबल गुंडाळून हुकवर अडकवा, जमिनीवर राहिली तर स्ट्रेचरच्या चाकाखाली येते. जेलीची बाटली भरून ठेवा, आणि ड्युटी संपवताना मशीन चार्जिंगला लावलंय ना, ते बघून मगच बाहेर पडा.